स्वल्प थांबा

विनिपेग,
५ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. वसुमतीवहिनी यांस,
उल्हासचा शि. सा. न. वि. वि.

अण्णा गेल्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. सुप्रीताला विचारलं, तर आईला बोलायचं नाही, काका, एवढंच म्हणाली. म्हणून किती वर्षांनी मराठीत पत्र लिहायला बसलो आहे. तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सवयीप्रमाणे लाल पेनानं दुरुस्त करून घ्या.

जानेवारीत बर्फामुळे विमानं बंद होती, भावाला खांदा देता आला नाही. वर्षश्राद्धाला मात्र नक्की येतो. तुम्हाला मुलगा नाही, तेव्हा धाकटा भाऊ म्हणून श्राद्धाला मीच बसायला हवं. तिथी कळवा म्हणजे रजा टाकतो.

माझी ऑटोमॅटिक गाडी तिथंच आहे ना? मी देश सोडताना ती अण्णांच्या हवाली केली होती. आता थंडी येईल, तिला जपा. गिअरबॉक्समधलं तेल गारठलं की काकवीसारखं दाट होतं. मग डी वर टाकलं तरी गाडी क्षणभर हलत नाही, आणि हलते तेव्हा धक्का देऊन. वरचा गिअर उशिरा पडतो, तोवर इंजिन नुसतं ओरडतं. इथं उणे तीसमध्ये आम्ही गाडी बराच वेळ चालू ठेवतो, तेव्हा कुठे ती निघते. येलहंक्यात चौदा अंश झाले की तुम्ही सगळे कानटोप्या घालता, पण गाडीच्या मते ती थंडीच नव्हे. अर्धं मिनिट थांबायचं आणि सुरुवातीला हळू न्यायची, झालं. अण्णांनाही मी हेच सांगितलं होतं.

पत्राची वाट पाहतो. तुमची माया आजवर होती तशीच राहू द्या.

तुमचा,
उल्हास


येलहंका, बेंगळुरू,
३० ऑक्टोबर २०२५

चि. उल्हासभावजी यांस,
वसुमतीचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. ऱ्हस्व-दीर्घ सगळे बरोबर आहेत. मायन्यात 'सौ.' लिहिलं आहे, चूक तेवढी एकच.

अर्धं मिनिट हे मी तुमच्या पत्रात पहिल्यांदा वाचलं. गाडीची किल्ली देताना तुम्ही तुमच्या अण्णांना म्हणाला होता की थंडीत इंजिन सुरू करून स्वल्प थांबायचं. मी चहा घेऊन तिथेच उभी होते. आपल्या घरात स्वल्प म्हणजे किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्ही स्वतः न्हाणीघरातून स्वल्प थांब म्हणायचात आणि बाहेर माणसं ताटकळायची. तुमचे अण्णा शब्दाला धरून चालणारे. काच स्वच्छ झाली, इंजिनाचा आवाज खाली आला, की मगच ते गाडी हलवत. मी हसायची. उल्हासनं सांगितलंय, असं म्हणून ते माझं तोंड बंद करत.

त्या सकाळी धुकं होतं. छातीत दुखतंय असं ते मला म्हणाले आणि लगेच, पित्त असेल, असंही म्हणाले. मी कोपऱ्यावरून रिक्षा आणली. दारात गाडी असताना रिक्षा कशाला, म्हणून त्यांनी ती परत पाठवली. सरी अम्मा, म्हणून रिक्षावाला गेला. ते गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, आणि तुम्हाला फोन लावला.

तेलावर तुम्ही एवढं लिहिलंत. त्या फोनबद्दल एक ओळ नाही.

फोन स्पीकरवर होता. आज फार गारठा आहे रे, आता डी वर टाकू का, असं त्यांनी विचारलं. अण्णा, स्वल्प थांबा, असं तुम्ही म्हणालात आणि फोन बंद झाला. ते थांबले. मी निघा म्हणत होते, रडत होते. उल्हास थांब म्हणालाय, गिअर बिघडला तर वाटेत अडकू, असं ते सांगत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. काच पूर्ण निवळली तेव्हा त्यांनी डी वर टाकलं. पोस्टाच्या वळणावर त्यांनी गाडी कडेला घेतली, तुम्ही शिकवल्यासारखी पार्कवर टाकली, ब्रेक ओढला. मग मान टाकली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

तिथीचं पुढच्या पत्रात लिहीन. तुमच्याबद्दल माया नाही असं मला लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

वसुमती


विनिपेग,
२० नोव्हेंबर २०२५

ती. वहिनी यांस,
उल्हासचा शि. सा. न.

मी तेव्हा अंगणातला बर्फ उपसत होतो. इथं संध्याकाळ होती. हातमोजे ओले, कानावर टोपी, अण्णांचं अर्धंच ऐकू आलं. थांबा म्हणालो ते फोनसाठी, गाडीसाठी नव्हे. आत जाऊन लगेच लावतो, एवढंच मनात होतं. तेवढ्यात शेजाऱ्याची गाडी बर्फात रुतली, मी ढकलायला गेलो, आणि फोन राहून गेला. पुढचा फोन सुप्रीताचा आला. ते माझ्यासाठी थांबले होते, हे मला तुमच्या पत्रातून कळतं आहे.

पण वहिनी, दुखतंय हा एक शब्द अण्णा बोलले असते तर मी आधी रिक्षात बसा म्हटलं असतं. त्यांनी विचारलं काय, तर डी वर टाकू का! आणि तुम्ही शेजारी होतात. दुखतंय हे तुम्हाला ठाऊक होतं, फोन स्पीकरवर होता. तुम्ही का नाही ओरडलात? सगळं ओझं मी इथं एकट्यानं का वाहायचं?

तिकीट काढलं आहे. तिथी कळवली नाहीत तरी मी येणार. रागावा, पण मला परकं करू नका.

उल्हास


येलहंका, बेंगळुरू,
९ डिसेंबर २०२५

चि. उल्हासभावजी यांस,
आशीर्वाद.

मी का ओरडले नाही, असं विचारलंत. मी तोंड उघडलं तोवर तुम्ही फोन बंद केला होता.

थांबा म्हणालात ते फोनसाठी, हे मी खरं मानते. तुम्हाला त्यांचं वाईट व्हावंसं वाटलं असेल, असं माझ्या मनात कधी आलं नाही. पण तुमचा प्रत्येक शब्द ते जपून ठेवत, आणि त्यांचा फोन तुम्ही विसरलात. मला राग याचा आहे. तो तेलानं किंवा बर्फानं जाणार नाही. तुम्हीही समजावत बसू नका.

श्राद्ध पौष शुद्ध दशमीला, २९ डिसेंबरला आहे. भीमाचार्य दुपारी बाराला संकल्प सांगतील. सख्खा भाऊ येतोय तर त्याची वाट पाहू, मुलीला बसवायची घाई नको, असं ते म्हणाले. अग्नी सुप्रीतानंच दिला होता, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते सरी, तसंच करू, म्हणाले.

घर तुमचं आहे. खोली झाडून ठेवली आहे, जेवायला तुमच्या आवडीचंच होईल. आशीर्वाद मागितलात तर तोही देईन. बाराच्या आत पोचलात तर पाटावर तुम्ही बसा. नाहीतर सुप्रीता बसेल. विमानाला उशीर झाला, धुकं पडलं, गाडी वाटेत अडकली, तरी फोन करू नका. तुमच्यासाठी ते थांबले. मी थांबणार नाही.

वसुमती