भरीत ठेचणारा पोलादी हात

२ डिसेंबर
असोद्याच्या जीवरामनानांची दिपमाला पाहिली. एकदम पसंत. नानांनी मात्र लगेच होकार दिला नाही. वावरातल्या भरीत पार्टीला या, मग बघू म्हणाले. बघाच आता! तिथलं सगळं भरीत माझा रोबोट हात ठेचणार. सासरा जागेवर गार.
आजपासून संताप बंद.

६ डिसेंबर
हात तयार. वर्कशॉपमधला फिटर भाईदास म्हणतो, सांधे जरा सैल ठेव. याला काय कळतं? ॲक्युरसी म्हणजे ॲक्युरसी.

८ डिसेंबर
ट्रायल. मुसळ दर वेळी त्याच जागी. आधी मधलं वांगं गेलं, मग भरीत ठेचायच्या लाकडी भांड्याचं, बडगीचं बूड, मग टेबल. कडेची वांगी अख्खी. टेबलच लेचंपेचं होतं. भाईदास हसला म्हणून त्याला पाना फेकून मारला. नेम चुकला. माणसात ॲक्युरसी नसते ती अशी.

१२ डिसेंबर
आता फ्लेक्सिबिलिटी. सांध्यांत स्प्रिंगा घातल्या. हात कुठेही पोचतो. ट्यूबलाइट, पंखा, भाईदासची बरगडी. भाईदास काम सोडून गेला. कामचुकार.

१८ डिसेंबर
सापडलं! खांदा कडक, मनगट सैल. ट्रायलला वेळ नाही. गरजही नाही.

१९ डिसेंबर, संध्याकाळ (डाव्या हाताने)
सुरुवात झकास. अख्खं असोदा गोळा झालं होतं. मग मुसळ वांग्याच्या लगद्यात रुतलं. कडक खांद्याने ओढलं, सैल मनगटाने झटका दिला आणि मुसळ थेट नानांच्या पाठीत. परतीच्या फटक्यात पुऱ्यांची परात विहिरीत.
माझं डोकं फिरलं. फावडं घेऊन हाताला हाणलं. त्याने उलटून हाणलं. माझा उजवा हात मोडला.
दिपमालाने वायर उपटली, दुसरी बडगी ओढली आणि स्वतः ठेचायला बसली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फार वाईट वाटलं. भरीत मात्र फक्कड झालं होतं, दोनदा घेतलं.

२१ डिसेंबर
नानांचा फोन. आवाज शांत. मला वाटलं, जमलं.
म्हणाले, "मशीन वावरातच राहू द्या. डुकरं येतात, त्याईले हाणाले कामी पडीन. तुम्ही मात्र येऊ नका."
दिपमालाचं भुसावळच्या रेल्वेतल्या मुलाशी ठरलंय.
चला, आमच्याकडचं कुणीतरी त्यांना पसंत पडलं.