रोट खाल्लेला भाडेकरू

जळगाव, श्रावण, १९८८

तीर्थस्वरूप गिरधरनाना यांस, धाकट्या चुलतभावाचा, तोतारामचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. आपला दमा कसा आहे? वहिनींचे गुडघे? आमचा मुलगा यादव नोकरीसाठी धुळ्यात आपल्याच मागच्या खोलीत राहतो, त्यामुळे त्याची काळजी नाही. (काळजी करायला मला इथलीच पुरते.)

आमच्या वरच्या दोन खोल्यांतला हिलाल, डाळमिलमधला मुकादम, आपण पाहिलेला आहे. होळीपासून त्याने भाडं बंद केलंय. दिवाळीला आपली प्रमिला बाळंतपणाला येणार आणि खाली आम्हालाच कूस बदलायला जागा नाही. लेकीला ठेवू कुठे, या विचाराने झोप उडाली आहे. वकील म्हणाले, दावा लावा, नातू शाळेत जाईपर्यंत निकाल लागेल. (नातू अजून जन्मायचाय.) वर बजावलं, की पाणी तोडलंत तर तुम्हीच कोर्टात उभे राहाल. म्हणून मी फक्त जिन्यातला दिवा काढला. त्या अंधारात मीच गडगडलो, पाय मुरगळला आणि हिलालनेच उचलून मला रिक्षात घातलं. रिक्षाचे पैसेही त्यानेच दिले. अशा माणसाकडे भाडं मागायला जीभ कशी उचलेल?

पाय बरा झाला तोवर घरात कानबाई देवी आल्या. विसर्जन करून आम्ही भाऊबंद तिच्या प्रसादाचे रोट खायला बसलो, तोच हा दारात, जिन्यात दिवा लावा म्हणायला. घाबरलो की माझ्या तोंडून जे निघतं तेच निघालं, या, बसा जेवायला. तो बसला. आता रोट भाऊबंदांनीच खायचा. लग्न होऊन गेलेल्या पोटच्या लेकीलाही आपण तो देत नाही, आणि याचं तर कूळही वेगळं. आमची सौ. कुंदा डोळे वटारत होती, पण पानावर बसलेल्याला उठवायचं कसं? गंगाफळाच्या भाजीशी त्याने दोन रोट संपवले.

दुसऱ्या दिवशी धीर करून वर गेलो. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, आते मी तुमना भाऊबंद शे. घरना माणूसकडथीन कोनी भाडं लेस का?"

शिवाय पुढल्या वर्षी रोटाच्या गव्हात त्याच्याही नावाची मूठ धरा, असं त्याने कुंदाला सांगून ठेवलंय. (मूठ घरातल्या पुरुषांच्या नावाने धरतात. उद्या हा घरात हिस्सा मागेल, या भीतीने मला घास जात नाही.)

नाना, भाऊबंदांत आपण वडील. एकदा येऊन त्याला सांगा, की चुकून खाल्लेल्या रोटाने कोणी घरचा होत नाही आणि दिवाळीआधी खोल्या रिकाम्या कर. माझ्याने हे बोलवणार नाही.

आपला घाबरलेला,
तोताराम

ता. क. त्याच्यासमोर मला भित्रा म्हणू नका. त्याला ते माहीत आहे.

आणखी ता. क. यादवबद्दलचं आपलं पत्र आत्ताच पोचलं. वर्षभर त्याने भाडं दिलं नाही आणि खोली रिकामी करायलाही तयार नाही, असं आपण लिहिलंत. वाचून फार वाईट वाटलं. नाना, आपण एका रोटाचे. घरच्या माणसाकडून कुणी भाडं घेतं का?