शालीबाहेरचा लाल रंग

तोआ पायोह, रविवार

प्रिय आई,

फोनवर सांगायला घेतलं की तू लगेच 'जेवलीस का' वर येतेस, म्हणून लिहायलाच बसले.

गेल्या महिन्यात इथल्याच तांजोंग पगार भागातले मिस्टर टॅन आमच्या वर्कशॉपमध्ये एक चित्र दुरुस्तीला घेऊन आले. एकटेच राहतात, आयुष्यभर जुनी अमेरिकन चित्रं जमवलीयेत. दीडशे वर्षांपूर्वी दगडावर रेखाटून त्यावरून छापलेली, घराघरांत लावायची स्वस्त चित्रं. या चित्रात बर्फावरून घोडे गाडी ओढतायत आणि गाडीत लाल शालीतली बाई. शालीचा रंग रेषेबाहेर ओघळलाय. तेवढा डाग काढ, म्हणाले.

काढायला म्हणून भिंग लावलं आणि हात थांबला. छपाई काळीच व्हायची. रंग नंतर हाताने भरायचे. लांब टेबलाशी बायका बसायच्या, प्रत्येकीकडे एकच रंग. तिचा भरून झाला की कागद पुढचीकडे. या लालवालीचा ब्रश वळणावर जरा जास्त ओला होता. रंगात ब्रशचा एक केससुद्धा चिकटलाय. खाली कंपनीचं नाव आहे, तिचं कुठेच नाही. आणि तरी ती अशी समोर, जणू आत्ताच ब्रश धुवायला उठलीय.

मी टॅनना दाखवलं. कितीतरी वेळ ते भिंगावरचा डोळा काढेनात. चाळीस वर्षं रोज बघतोय, म्हणाले, पण हिला आज पाहिलं. मग अगदी हळू, "लीव्ह इट, लाह," म्हणजे राहू दे तो डाग.

घरी येताना एमआरटीच्या ट्रेनमध्ये विश्वासमामाच्या स्टुडिओची मागची खोली डोळ्यांसमोर होती. काळ्यापांढऱ्या फोटोतल्या नवरीच्या गालांवर तू कापसाने गुलाबी चढवायचीस, श्वास रोखून. फोटोमागे शिक्का मात्र मामाचा.

आता खरं सांगते. माझं लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं, आई काय करतात? मी म्हटलं, काही नाही, घरीच असते. तू पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होतीस. ऐकलंस, आणि हसून बश्या ठेवल्यास. अठरा वर्षं आपण दोघी त्यावर बोललो नाही. आई, माझं चुकलं. काल मामाला फोन करून तुझ्या त्या कामाबद्दल विचारलं. म्हणाला, तिच्याशिवाय दुकान चाललंच नसतं. दिवाळीत मी तुझ्या नातवाला, तन्मयला, घेऊन येतेय. तू रंगवलेले फोटो काढून ठेव. कुठला चेहरा तुझ्या हातचा, ते त्याला तू स्वतः दाखवायचंस.

तुझीच,
ऋचा