नैवेद्याच्या पोळ्या आणि पौलाचं पत्र

प्रेम नगर, झाशी
मंगळवार

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या भावाचा, नीलकंठाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? राजाभाऊंचा खोकला? (काढा घेत नसणार, मला ठाऊक आहे.) प्रेम नगरहून ओरछा गेटला यायला ऑटोने अर्धा तास लागत नाही, आणि हा दिवटा पत्र काय लिहीत बसलाय, असं तू म्हणशील. म्हण बाई. तुझ्यासमोर बोलायला तोंड लागतं, आणि ते मी भाद्रपदातच घालवून बसलोय.

मंडळातल्या माझ्या भाषणापासून सुरुवात करतो, म्हणजे मुद्द्यावर यायला वेळ मिळेल. ‘जगातली जुनी पत्रं’ अशी मालिका ठरली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि माझ्या नशिबी ख्रिस्ती धर्मग्रंथातलं पौलाचं पत्र आलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून गल्लीतल्या मसीह मास्टरजींची शिकवणी धरली. आठ दिवस ते शिकवत होते आणि मी त्यांच्या घरची नानखटाई संपवत होतो. (आमच्या हिला सांगू नकोस. साखर तपासून आणल्यापासून ती माझे खिसेसुद्धा तपासते.)

पत्र एवढंसं, पानभर. साडेएकोणीसशे वर्षांपूर्वीचं. पौल म्हातारा झालेला, त्यात कैदेत. फिलेमोन नावाच्या सुखवस्तू गृहस्थाला लिहितोय, कारण त्या गृहस्थाचा अनेसिम नावाचा गुलाम घर सोडून पौलाकडे येऊन पोचलाय. आधी क्षेमकुशल, मग भरपूर तारीफ, मग हळूच काम, आणि शेवटी ‘माझ्यासाठी खोली तयार ठेव’! मी म्हटलं, मास्टरजी, हा तर आमच्यातलाच निघाला! ते हसले नाहीत. म्हणाले, याला परत घे, पण गुलाम म्हणून नाही, भाऊ म्हणून, एवढं लिहायला त्या काळी छाती लागत होती. आणि बहुधा अनेसिमलाच ते पत्र देऊन मालकाच्या दारी पाठवलं असावं. कसा गेला असेल बिचारा!

भाषण तू ऐकलंसच. ‘क्षमा’ हा शब्द मी इतक्या वेळा उच्चारला की शेवटी आपली क्षमा जोशी उठून ‘मला हाक मारली का’ म्हणाली. पहिल्या रांगेत तू डोळे पुसत होतीस, आणि मी वाहवत गेलो. मग तुझ्या नातीने, तन्वीने हात वर केला. ‘नानाजी, उसने किया क्या था?’ मी म्हटलं, पत्रात ते धड लिहिलेलं नाही. ‘तो फिर माफ़ी किस बात की?’ मी खोकलो, पाणी प्यायलो, घड्याळ बघितलं. कार्टी हुशार आहे, तुझ्यावर गेलीय.

तेवढ्यात चहा आला. चहा कोणी आणला, हे तू मान वळवून बघितलं नाहीस. तू घरकामावरून काढून टाकल्यापासून फूलवती मंडळात चहा करते. तिने कप पुढे केला आणि अगदी मायेने विचारलं, ‘भैया जी, शक्कर तो नहीं लेते न आप?’

अक्का, त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आता सांगतो. महालक्ष्म्यांच्या दिवशी, नैवेद्य दाखवायच्या आधी, सोवळ्यातल्या दोन पुरणपोळ्या कमी भरल्या. त्या मी खाल्ल्या. तू विचारलंस, आत कोण गेलं होतं? मी म्हटलं, फूलवती. ती गेली होतीच गं, उंबऱ्याशी तूप ठेवायला. आणि तिने मला बघितलं होतं, दोन्ही गाल फुगलेले. तू चौदा वर्षं तुझ्याकडे राबलेल्या बाईला साऱ्या सवाष्णींसमोर ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणालीस. तिने एक शब्द काढला नाही. मीही नाही. मला लाज वाटते, अक्का. जेवताना वाटते, पूजेला बसल्यावर तर फारच. त्रेसष्ट वर्षांचा घोडा, आणि बहिणीच्या भीतीने एका बाईची अब्रू घालवली.

तरी तिला परत घे. चोर म्हणून माफ करून नव्हे, चोर ती नव्हतीच. राजाभाऊंना नमस्कार, तन्वीला आशीर्वाद (आणि प्रश्न कमी विचारायला सांग).

तुझा नालायक
नीलकंठ

ता. क. पौलासारखंच करावं म्हणून हे पत्र फूलवतीच्याच हाती तुझ्याकडे पाठवणार होतो. काल संध्याकाळी तिच्या घरी गेलो, सगळं वाचून दाखवलं. (मराठी तिला तन्वीपेक्षा बरी कळते, चौदा वर्षं तुझी बोलणी खाल्लीत.) तिने शांतपणे कागद परत दिला. म्हणाली, ‘चिट्ठी हम काहे ले जाएँ, भैया जी? पोली हमने खाई थी का?’

दुसरा ता. क. ‘तिला परत घे’ असं मी वर लिहिलंय, ते खोड. ती येणार नाही म्हणाली. आधी अक्का आमच्या दारी येऊ देत, मग बघू, म्हणाली.

तिसरा ता. क. हे पत्र मीच तुझ्या दाराखालून सरकवतोय आणि समोरच्या पायरीवर बसतोय. ओरडायचं ते आत बोलावून ओरड, गल्लीत सगळे ओळखतात. मग चपला घाल आणि माझ्याबरोबर चल. त्या सवाष्णींनाही बोलव, त्यांच्यासमोर मी सांगतो. पण तू हवीस गं. काल मी तिला सगळं वाचून दाखवलं, पण ‘माफ कर’ एवढं म्हणायचं धैर्य झालं नाही.