लुडविकच्या अंगणात

बिवाबिक, मंगळवार

प्रिय वेइको,

मी ठणठणीत आहे, गुडघाही फारसा कुरकुरत नाही. तू गोळ्या वेळेवर घेतोस ना? जिना चढू नकोस.

मी सायकलने चाललेय ती डांबरी वाट सगळी रानातून जाते. तू जिथे राबलास त्या खाणीत आता निळंशार पाणी साठलंय. लोक तिथे मासे धरत बसतात.

काल गावाच्या अलीकडे सायकलची साखळी तुटली. पडले नाही, काळजी करू नकोस. सायकल ढकलत पहिल्याच घरापाशी गेले, तर अंगणात लुडविक. संप मोडून कामावर गेला म्हणून तू ज्याच्याशी तीस वर्षं बोलला नाहीस, तोच. मला परत फिरावंसं वाटलं. पण त्याने सायकल उलटी केली आणि साखळी जोडून दिली.

हात पुसत म्हणाला, "वेइकोचं ऑपरेशन झालं म्हणे. कसा आहे?"

"तोंड शाबूत आहे," मी म्हटलं.

तो हसला. मग खाली बघत म्हणाला, "तेव्हा मारिया आजारी होती, ऐली. संपावर राहिलो असतो तर कंपनीकडची तिची औषधं बंद झाली असती. सांगायची लाज वाटली."

त्याची मारिया त्याच हिवाळ्यात गेली. आपण तिच्या मातीलाही गेलो नाही, वेइको.

तुला न विचारता मी त्याला रविवारी जेवायला बोलावलंय. मी शनिवारी पोचते. माझ्यावर चिडायचं तेवढं चिड, पण दार तू उघड.

तुझीच,
ऐली