खंडेनवमीची बंदूक

बाबा, तुमच्या क्लबच्या सेक्रेटरीबाईंनी माझ्यापुढे एक फॉर्म टाकलाय. बंदूक वापरणाऱ्यांसाठी तुम्ही जो सेफ्टी कोर्स सुरू केलात, त्याला सरकारी ग्रँट मिळते. ती चालू ठेवायची की नाही ते आता ठरणार आहे, आणि ग्रँट गेली तर कोर्सही गेला. नवे शिकारी, कबुतरांना वैतागलेले शेतकरी, सगळे मग मोबाइलवर बघून शिकणार. फॉर्ममध्ये एक रकाना आहे: या शिक्षणामुळे टळलेला एखादा अपघात सांगा. बाई म्हणाल्या, "तू डॉक्टरांची मुलगी, तुझ्याकडे असेलच काहीतरी." आहे ना. म्हणूनच तीन दिवस तो रकाना कोरा आहे.

आठवडाभर साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात लोकांना भूल द्यायची आणि रविवारी सकाळी माळावर उडत्या मातीच्या तबकड्या फोडायच्या, असा तुमचा क्रम. आई म्हणायची, "अंडं चालत नाही, आणि निघाले बंदूक घेऊन." तुम्ही एकही पक्षी मारला नाहीत, पण पक्षी मारणाऱ्या निम्म्या हॅम्पशायरला बंदूक कशी धरायची ते तुम्ही शिकवलंत. ती मधून उघडून हातावर टाकूनच चालायचं, नळ्या रिकाम्या आहेत हे लांबूनही दिसलं पाहिजे. मी सोळा वर्षांची असताना तुम्ही बंदूक उघडून मला दाखवलीत, मिटलीत, माझ्या हातात दिलीत, आणि मी ती तशीच खांद्याला लावली. चार लोकांदेखत तुम्ही ती काढून घेतलीत. मी पुटपुटले, "आत्ताच तर तुम्ही चेक केलीत." तुम्ही म्हणालात, "मी केली. तू कुठे केलीस?" मग गाडीत बसल्यावर जरा नरमून, "दुसऱ्याने भरलेली सिरिंज आणि दुसऱ्याने दिलेली बंदूक, ब्लाइंडली घ्यायची नाही, बाळा. बाप देत असला तरी." मी फुगूनच बसले होते. वाटेत थांबून तुम्ही मला चिप्स घेऊन दिलेत, आणि मी त्यांच्यावर मुद्दाम नको तेवढं व्हिनेगर ओतलं.

आई गेल्यानंतरची दुसरी खंडेनवमी. तुमच्या हॉलमध्ये पाटावर स्टेथोस्कोप, आईची शिवणाची कात्री आणि सुपरमार्केटातली शेवंती मांडली आहे. माझा लेक पाटासमोर मांडी घालून बसलाय आणि विचारतोय, "आजोबा, गनला फ्लॉवर का देते?" तुम्ही हसताय. लोखंडी कपाटाचं कुलूप काढून तुम्ही बंदूक आणता आणि माझ्यापुढे धरता. "घे, कुंकू लाव. रिकामी आहे." मी सवयीने खिडकीकडे वळून ती उघडते. उजव्या नळीत काडतूस. ते काढून मी कार्डिगनच्या खिशात टाकते, बंदूक मिटते आणि म्हणते, "हो, रिकामी आहे."

महिन्याभरात पोलिसांचं पत्र आलं. तुमच्या जीपीने, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरने, तुमच्या विसराळूपणाबद्दल कळवलं होतं, त्यामुळे लायसन्स परत घेत होते, बंदूकही. किती चिडलात तुम्ही. "चाळीस वर्षांत माझी एक चूक दाखवा म्हणावं. ह्या पोरसवदा जीपीला काय कळतंय? कुणीतरी चुगली केली आहे." मी ओट्याशी चहासाठी आलं किसत होते. म्हणाले, "जाऊ दे बाबा, लोकांना उद्योग नसतात." पुढचे रविवार तुम्ही खिडकीपाशी नुसते बसून काढलेत, आणि ते मला बघवायचं नाही. त्या चुगलखोराला तुम्ही शेवटपर्यंत शिव्या घातल्यात, तेही माझ्या हातची आमटी भुरकत.

जीपीला फोन मीच केला होता, बाबा. दसऱ्याच्या सकाळी, तुमच्या पाया पडायला येण्याआधी, गाडीत बसून. रकान्यात मी आता हेच लिहिणार आहे, की एक घर वाचलं, कारण त्या घरातल्या मुलीला तिच्या बापाने शिकवून ठेवलं होतं की बापावरही विसंबायचं नाही. तुमचं नाव घालणार नाही. पण परक्यांना सांगायच्या आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, त्यामुळे हे कागद तुमच्या जुन्या मराठी शब्दकोशात ठेवून देते, दुसरीकडे कुठे पाठवणार.

एक गोष्ट मात्र फॉर्ममध्ये लिहिणार नाही. त्या दिवशी मी "रिकामी आहे" म्हणाले, आणि तुम्ही माझ्या हातून बंदूक घेतलीत आणि न उघडता पाटावर ठेवलीत. आयुष्यात पहिल्यांदाच. तुम्ही विसरलात, असं मी जीपीला सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवलात, असं मी स्वतःला सांगते.