फोन सोडायचा नाही

६ ऑक्टोबर, दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, राग मानू नका. तुमचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. जेवते, झोपते. कामावर लगेच रुजू झाले, ते लोकांना विचित्र वाटलं. घरी बसून तरी काय करणार होते?

काम तेच. रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घेणाऱ्या मुलामुलींवर देखरेख ठेवायची, नव्यांना शिकवायचं. सध्या एका मुलीपायी दिवस जातो. आवाज बारीक, बोलणं भरभर, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. तिच्याच्यानं फोन उचलवेना. घंटा वाजली की हात टेबलावर तसाच. साहेब म्हणाले, "हिला दुसऱ्या खात्यात टाकू." मी म्हटलं, "थोडे दिवस माझ्याकडे सोडा."

रोज तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे. आधी फोन मी घ्यायचे, ती नुसती ऐकायची. मग पत्ता तिनं विचारायचा, बाकीचं मी. उपदेश करायला माझ्याकडे काही नव्हतंच. 'तुझी चूक नाही' एवढं एकदा म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही नका ना असं म्हणू." पुन्हा म्हटलं नाही.

वन्सं, तुम्ही विचारलंत त्याला बगल देतेय, कळतंय मला. ह्यांचा शेवटचा फोन हिनंच घेतला होता.

बायको तिथंच ऑफिसात, पलीकडच्या खोलीत असताना त्या पोरीनं तिला हाक का मारली नाही, म्हणून तक्रार करायची म्हणता. प्रश्न रास्त आहे. मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. पत्ता सांगताना ह्यांना धाप लागली होती. नाव-पत्त्यावरून तिनं ह्यांना ओळखलं. म्हणाली, "काका, मॅडमना बोलावू?" हे म्हणाले, "नको, ती घाबरेल. तूच बोलत राहा." ती बोलत राहिली. दार उघडं आहे का, भिंतीला टेकून बसा, गाडी निघालीये. ह्यांचा आवाज थांबला तरी बोलत राहिली, गाडीवाले आत येईपर्यंत. काही झालं तरी फोन सोडून उठायचं नाही, हे तिला मी शिकवलं होतं. उद्याही तेच शिकवीन.

मी काचेपलीकडे नव्यांचा वर्ग घेत होते. तिची पाठ दिसत होती. किती ताठ बसलीये, असं मनात आलेलं आठवतं.

ऐकताना रडू आलं नाही. अजून नाही. तुम्ही मला दगड म्हणालात, असेनही.

काल एका बाईचा फोन आला. सासरे जिन्यावरून पडले होते. चिमणीनं माझ्याकडे पाहिलं. मी हात मांडीवरून हलवले नाहीत. तिनं उचलला. आवाज आधी थरथरला, मग लागला. गाडी वेळेवर पोचली, म्हातारे शुद्धीवर होते. फोन ठेवून ती ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी कुणाला हात लावला.

तक्रारीवर मी सही करणार नाही. तुम्ही केलीत तर अडवणार नाही, भाऊ तुमचा होता. पण त्याआधी एकदा येऊन ते ऐका. शेवटी कुणीतरी ह्यांच्याशी किती मायेनं बोलत होतं, ते. तुम्हाला एकटीला ऐकायला लावणार नाही.

तुम्ही मानाल तोवर,
तुमची वहिनी